शेजाऱ्यांचा करार, दिल्लीचे धोरण आणि आपला कापड बाजार

मिरजेचे एक टेलर मास्तर आमच्या दुकानी नेहमी येतात. त्यांच्या हाताखाली एके काळी नऊ मशिनी चालत, आता तीन चालतात. मागे एकदा त्यांनी पिशवीतून एक शर्ट काढून गादीवर ठेवला. मोठ्या शोरूममधून मुलाने आणलेला. कॉलरच्या आतल्या पट्टीवर लिहिलेले होते, मेड इन बांगलादेश. मास्तर म्हणाले, "भाई, शिलाई बघा, काज बघा. काम वाईट नाही. पण ह्या भावात मला नुसते कापडसुद्धा पडत नाही. सरकार ह्यावर ड्युटी का बसवत नाही?"

मी म्हटले, "मास्तर, सरकारने ड्युटी बसवली आहे. पण ह्या शर्टावर ती लागत नाही."

त्यांना वाटले मी थट्टा करतो आहे. थट्टा नव्हती, आणि ही गोष्ट समजून घेण्यात मी स्वतः पैसे घालवलेले आहेत. ऑगस्ट २०१८ मध्ये केंद्र सरकारने कापडाच्या ३२८ प्रकारच्या वस्तूंवरील आयात शुल्क १० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर नेले. त्याआधी जुलैतही पन्नासाहून अधिक वस्तूंवर अशीच वाढ झाली होती. वर्तमानपत्रात बातमी वाचून आम्ही खूश झालो. माझा हिशेब असा की दिवाळीपर्यंत बाहेरचा माल महागणार आणि गिऱ्हाईक परत आपल्याकडे वळणार. मी सहाशे शर्टांचे कापड काढून शिलाईला दिले. दिवाळी आली तरी बांगलादेशच्या शर्टाचा भाव तसूभर हलला नाही. माझे शर्ट पुढच्या वर्षीच्या ईदपर्यंत कपाटात राहिले आणि शेवटी मजुरी सोडून विकले. बातमी खरी होती, पण ती पुरती वाचण्याची तसदी मी घेतली नव्हती.

आता ह्यामागची हकीकत सांगतो. बंगाल, आसामच्या पलीकडून येणाऱ्या मालावर किती जकात घ्यायची हे ठरवण्याचा हक्क दिल्लीच्या सरकारचाच आहे. पण त्या हक्काचा एक भाग दिल्लीने स्वतःच्या सहीने एका करारात गुंतवून ठेवला आहे. डिसेंबर १९८५ मध्ये ढाक्यात सार्क ही दक्षिण आशियाई देशांची संघटना स्थापन झाली. भारत, पाकिस्तान, बांगलादेश, श्रीलंका, नेपाळ, भूतान आणि मालदीव असे सात देश तिच्यात होते. अफगाणिस्तान पुढे २००७ मध्ये आला. ह्या देशांनी आपसातील शुल्क हळूहळू कमी करावे म्हणून आधी १९९५ मध्ये साप्टा आणि मग १ जानेवारी २००६ पासून साफ्टा हा मुक्त व्यापाराचा करार लागू झाला.

करारात प्रत्येक देशाने एक यादी ठेवली. ज्या वस्तूंवर आम्ही सवलत देणार नाही, अशा नाजूक वस्तूंची ती यादी. भारताने तयार कपडे ह्या यादीत ठेवले होते. बांगलादेशला फक्त ठराविक कोटा होता, वर्षाला ८० लाख नग, पुढे एक कोटी. त्यामुळे २०११ पर्यंत आपल्या बाजाराला फारसा धक्का बसला नाही.

सप्टेंबर २०११ मध्ये पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग ढाक्याला गेले. त्या दौऱ्यात तिस्ता नदीच्या पाणीवाटपाचा करार व्हायचा होता. पश्चिम बंगालच्या मुख्यमंत्री ममता बॅनर्जी ह्यांनी ऐन वेळी विरोध केला आणि तो करार राहिला. त्याच दौऱ्यात भारताने कापड विभागातील ४६ वस्तू, बहुतेक तयार कपडेच, बिनशुल्क येऊ देण्याचे जाहीर केले. दोन महिन्यांनी, नोव्हेंबरमध्ये, मालदीवच्या सार्क परिषदेच्या सुमारास कमी विकसित देशांसाठीची आपली यादी ४८० वस्तूंवरून २५ वर आणली. त्या २५ मध्ये राहिले काय, तर मुख्यतः दारू आणि तंबाखू. कपडे सगळे मोकळे झाले.

आता जरा विचार करा. विट्याच्या यंत्रमागवाल्याने तिस्ता नदी कधी पाहिलेली नाही. पण त्याच्या कापडाला गिऱ्हाईक राहील की नाही ह्याचा निर्णय ज्या टेबलावर झाला, त्याच टेबलावर तिस्तेचे पाणी, सीमेवरच्या छोट्या छोट्या वस्त्यांची अदलाबदल आणि आसाम, त्रिपुराकडे जाणारा रस्ता हे सगळे मांडलेले होते. शेजाऱ्यांशी आर्थिक नाते जोडले की सरकारच्या आतली बैठक बदलते, ती अशी. पूर्वी कापडाची ड्युटी म्हणजे अर्थमंत्र्याचा आणि वस्त्रोद्योग खात्याचा मामला. करार झाल्यावर त्यात वाणिज्य खाते पुढे येते, परराष्ट्र खाते येते, पंतप्रधानांचे कार्यालय येते. वस्त्रोद्योग खाते बैठकीत असते, पण खुर्ची मागे सरकलेली. आपण मात्र निवेदन पाठवताना अजून जुन्याच दारावर जातो.

२०१८ चे उदाहरण पाहा. सरकारने २० टक्के शुल्क लावले ते सर्वसाधारण दर म्हणून. चीनच्या शर्टाला ते लागले. बांगलादेशच्या शर्टाला २०११ च्या सवलतीने शून्यच राहिले. बरे, त्याच्या एक वर्ष आधी जीएसटी आल्यामुळे आयात मालावरची काउंटरव्हेलिंग ड्युटी निघून गेली होती. तिच्या जागी आलेला आयजीएसटी व्यापाऱ्याला पुढे क्रेडिट म्हणून वळता करून मिळतो. म्हणजे बांगलादेशचा माल आधीपेक्षा स्वस्तच पडू लागला, आणि चीनवर वाढलेली ड्युटी त्यालाच उलट फायद्याची झाली.

ह्यात आणखी एक मेख आहे. शर्ट बांगलादेशचा कशाला म्हणायचा? कापूस कुठला, सूत कुठले, कापड कुठले, शिवले कुठे? साफ्टाचा साधारण नियम असा की कच्च्या मालापेक्षा तयार मालाचा कस्टमचा गट वेगळा असावा आणि कमी विकसित देशात निदान ३० टक्के मूल्य वाढलेले असावे. कापडाचा शर्ट झाला की गट बदलतोच. मग चीनमधून कापड ढाक्याला आले, तिथे कापले, शिवले, बटण लावले आणि तीस टक्क्यांचा हिशेब बसला, की तो शर्ट कागदोपत्री बांगलादेशचा होतो आणि आपल्या बंदरात बिनशुल्क उतरतो. श्रीलंकेशी १९९८ मध्ये झालेल्या आणि मार्च २००० पासून लागू झालेल्या करारात दिल्लीने अधिक सावधपणा दाखवला होता. तिथे सुरुवातीला तयार कपड्यांना वर्षाला ८० लाख नगांची मर्यादा होती आणि त्यातल्या मोठ्या भागाला अट होती की कापड भारतीय असले पाहिजे. म्हणजे शिलाई त्यांची, पण माग आपला चालला पाहिजे. बांगलादेशला सवलत देताना ही अट घातली गेली नाही. माझ्या मते आपल्या धंद्याचे खरे नुकसान शून्य ड्युटीने झाले त्यापेक्षा ह्या राहून गेलेल्या अटीने जास्त झाले.

तरी बांगलादेशच्या कारागिराला आपला दुश्मन समजू नये. एप्रिल २०१३ मध्ये ढाक्याजवळ राणा प्लाझा ही इमारत कोसळून अकराशेहून अधिक कामगार ठार झाले. स्वस्त शर्टाची किंमत त्यांनीही मोजली आहे. आणि आपल्याकडचे सगळेच तोट्यात आहेत असेही नाही. भारतीय सुती धाग्याचा सर्वांत मोठा गिऱ्हाईक बांगलादेशच आहे. आपल्या भागातल्या सूतगिरणीवाल्याला विचारा, तो ढाक्याच्या मागणीवर डोळा ठेवून असतो. सूत विकणारा हसतो आणि शर्ट शिवणारा रडतो. दिल्लीत दोघांच्याही संघटना जातात, दोघेही कापड उद्योगाच्या नावाने बोलतात, आणि सरकारला वाटेल त्याचे ऐकता येते.

हे सगळे फक्त आपल्याकडेच घडते असे नाही. युरोपात तर ह्याच्या कितीतरी पुढची पायरी आहे. १९५७ च्या रोमच्या कराराने सहा देश एकत्र आले, १९६८ पर्यंत त्यांची आपसातली जकात गेली आणि बाहेरच्या मालाला सगळ्यांचा एकच दर झाला. १९९३ मध्ये एकच बाजारपेठ झाली, २००२ मध्ये बहुतेकांच्या खिशात एकच नाणे आले. आज तिथल्या एखाद्या देशाच्या मंत्र्याला वाटले की आमच्या विणकरांसाठी शर्टावर दोन टक्के ड्युटी वाढवू, तर तो तसे करू शकत नाही. ते ब्रुसेल्समध्ये ठरते. परदेशाशी व्यापाराची बोलणी ब्रुसेल्सचा आयोग करतो. ब्रिटन जोवर आत होता, तोवर त्याला भारताशी स्वतंत्र व्यापार करार करता येत नव्हता. ३१ जानेवारी २०२० ला तो बाहेर पडला आणि २४ जुलै २०२५ ला त्याने भारताशी करारावर सही केली. नोकरशाहीही बदलते. तिथल्या प्रत्येक राजधानीत शेती, कापड, औषधे अशा खात्यांचे अधिकारी ब्रुसेल्सला राहतात आणि कायद्याचा मसुदा आपल्या संसदेत येण्याआधी तिथेच त्यावर भांडतात.

अशा संघाचे नियम सभासद नसलेल्यालाही लागतात. तासगावचा द्राक्षवाला युरोपियन युनियनचा नागरिक नाही, पण २०१० च्या हंगामात क्लोरमेक्वाट नावाच्या औषधाचे अंश सापडले म्हणून भारताची द्राक्षे युरोपात अडकली, तेव्हा त्याची झोप उडाली होती. आज निर्यातीच्या प्रत्येक बागेची नोंद, औषधांची यादी, प्रयोगशाळेचा दाखला हे सगळे अपेडामार्फत होते. म्हणजे ब्रुसेल्सचा आकडा दिल्लीच्या परिपत्रकातून तासगावच्या फवारणी पंपापर्यंत पोहोचला. रंगाऱ्यांना दुसरे उदाहरण आठवेल. काही अझो रंगांवर जर्मनीने १९९४ मध्ये बंदी जाहीर केली, आणि आपल्या सरकारने १९९७ पर्यंत ११२ अझो रंग बंद केले. संपूर्ण युरोपचा नियम २००२ मध्ये आला, आपण त्याच्या आधीच वाकलो होतो. ह्यात वाईट काही झाले नाही, ते रंग घातकच होते. पण बदल कुणामुळे झाला हे लक्षात ठेवले पाहिजे.

एवढे लांब जायचे नसेल तर आपल्या घरातच पाहा. आमच्या शाळेत उर्दूत जकात म्हणजे काय ते शिकवलेले, आणि शाळेबाहेर पडलो की कोपऱ्यावर पाटी, जकात नाका. लहानपणी मला वाटे की ट्रकवाले इथे थांबून मोठे पुण्य कमावतात. साताऱ्याहून ठाण घेऊन निघालेला व्यापारी कऱ्हाड, इस्लामपूर, सांगली असा प्रत्येक नगरपालिकेच्या हद्दीत पैसे मोजत जाई. नगरपालिकांची जकात १९९९ मध्ये गेली. महापालिकेत पुढे एलबीटी आला, त्यावर सांगलीत किती बंद आणि मोर्चे झाले ते वाचकांना ठाऊक आहे. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि सगळा देश एक जकातीचा प्रदेश झाला.

जुन्या पिढीने ह्याहून मोठा बदल पाहिला. सांगली, मिरज, औंध, फलटण, जत ही संस्थाने होती. काही संस्थानांनी आधी आपसात एक संघ करून पाहिला. तो काही महिन्यांतच संपला आणि ८ मार्च १९४८ ला ती मुंबई इलाख्यात विलीन झाली. दक्षिण सातारा जिल्हा १९४९ मध्ये झाला आणि त्याला सांगली हे नाव १९६० मध्ये मिळाले. ढिला संघ टिकला नाही, घट्ट विलीनीकरण टिकले.

कापडावर तर हा प्रयोग जीएसटीच्या साठ वर्षे आधी झाला होता. १९५७ मध्ये राज्यांनी गिरणीचे कापड, साखर आणि तंबाखू ह्यांवरचा विक्रीकर सोडला आणि त्याबदली केंद्राने जादा उत्पादन शुल्क गोळा करून राज्यांना वाटून द्यायचे ठरले. म्हणून कापडवाल्याला कित्येक वर्षे विक्रीकराचे पुस्तक ठेवावे लागले नाही. २०१७ मध्ये आपल्या लोकांचा जो संताप झाला तो पाच टक्क्यांपेक्षा ह्या सवयीचा होता.

जीएसटीत महाराष्ट्र सरकारने काय गमावले? कापडाचा दर ठरवण्याचा स्वतःचा हक्क. दर कौन्सिल ठरवते. तिथे केंद्राचे मत एक तृतीयांश, सर्व राज्यांचे मिळून दोन तृतीयांश, आणि ठराव तीन चतुर्थांश मतांनी. म्हणजे केंद्रालाही एकट्याने काही करता येत नाही आणि राज्यालाही नाही. सुप्रीम कोर्टाने मे २०२२ मध्ये सांगितले की कौन्सिलच्या शिफारशी बंधनकारक नाहीत. पण व्यवहारात एकही राज्य वाट सोडून गेले नाही. राज्यांनी पेट्रोल, डिझेल आणि दारू तेवढी आपल्या हाती ठेवली. दारू सोडायला कुणीच तयार नसते, ना राज्य ना दिल्ली, हा योगायोग वाचकांनी लक्षात घ्यावा.

ह्या नव्या पद्धतीत आवाज कसा पोहोचतो हे आपण २०२१ मध्ये पाहिले. पॉलिस्टरच्या तंतूवर १८, सुतावर १२ आणि कापडावर ५ टक्के अशी उलटी उतरंड होती. ती सरळ करायची म्हणून कौन्सिलने सप्टेंबरात कापड आणि कपडे १२ टक्क्यांवर नेण्याचे ठरवले, १ जानेवारी २०२२ पासून. देशभर व्यापारी उठले. काही राज्यांनी विरोध केला आणि ३१ डिसेंबरला, अगदी आदल्या दिवशी, ते पुढे ढकलले गेले. चपला-बुटांवर मात्र वाढ लागू झाली. त्यांचा आवाज कमी पडला असावा. उतरंड सरळ व्हायला सप्टेंबर २०२५ उजाडला, तंतू आणि सूत दोन्ही पाच टक्क्यांवर आले.

सार्कमध्ये असे कौन्सिल नाही. सर्वानुमते ठराव, वादाचे दोन देशांमधले विषय वर्ज्य, आणि काठमांडूला एक सचिवालय, ज्याच्या हाती काही अधिकार नाही. २०१४ च्या काठमांडू परिषदेनंतर शिखर बैठकच झालेली नाही. त्यामुळे सरकारला मनात आले तर ते दुसऱ्या दाराने आपला हक्क परत घेते. फेब्रुवारी २०१९ मध्ये पाकिस्तानच्या मालावर २०० टक्के शुल्क लागले. गणपती पेठेतल्या ज्यांनी खारकेचा धंदा केला त्यांना तो भाव आठवत असेल. सप्टेंबर २०२० पासून सवलतीचा माल खरोखर त्या देशाचा आहे का, ह्याचा पुरावा आयातदाराने जवळ ठेवावा असा कस्टमचा नियम आला. आणि १७ मे २०२५ ला बांगलादेशचे तयार कपडे जमिनीच्या कुठल्याही नाक्यावरून घ्यायचे नाहीत, फक्त न्हावा शेवा आणि कोलकाता ह्या बंदरांतून, असा आदेश निघाला. त्याच्या महिनाभर आधी बांगलादेशने आपले सूत जमिनीच्या मार्गाने घेणे बंद केले होते. ड्युटी शून्यच राहिली, रस्ता लांब झाला. कलम न मोडता केलेली ही अडवणूक आहे. दोन सरकारांचे बिनसले की ती येते आणि जमले की जाते. तिच्या भरवशावर कुणी मशिनी विकत घेऊ नयेत.

खरी वेळ पुढे येते आहे. बांगलादेश कमी विकसित देशांच्या यादीतून बाहेर पडण्याची तारीख संयुक्त राष्ट्रसंघाने २०२१ मध्ये २४ नोव्हेंबर २०२६ अशी ठरवली होती. २०११ ची सवलत कमी विकसित देश म्हणून दिलेली आहे. तो दर्जा गेला की सवलतीचा पाया निघतो, आणि इतर देशांसाठीची आपली यादी अजून लांबलचक आहे. मग ढाका नवा करार मागणार. दोन देशांत व्यापक आर्थिक करार करण्याची भाषा २०२२ मध्येच झाली होती. राजकारण कसेही वळले तरी एक ना एक दिवस ह्या विषयावर टेबल मांडले जाईल.

त्या वेळी "ड्युटी वाढवा" एवढेच लिहिलेले निवेदन रद्दीत जाईल. मागायचे असेल तर श्रीलंकेसारखी अट मागावी: बिनशुल्क यायचे असेल तर कापड भारतीय, निदान सूत भारतीय. ह्यात सूतगिरणीवाला आपल्या विरोधात जात नाही, विट्याचा मागवाला बरोबर येतो आणि दिल्लीला शेजाऱ्याला नाही म्हणावे लागत नाही. निवेदन वस्त्रोद्योग खात्याला जाऊ द्या, पण एक प्रत वाणिज्य खात्याला आणि एक आपल्या खासदाराला हवीच. कपड्याचे नुसते नाव न लिहिता कस्टमचा आठ आकडी नंबर लिहावा. शर्ट, पँट, लहान मुलांचे कपडे ह्यांचे नंबर वेगळे आहेत आणि तिथे बसणारा अधिकारी नंबरच वाचतो.

मास्तरांना मी हे सगळे सांगितले तेव्हा त्यांनी विचारले, हे नंबर कुठे मिळतात. आयात करणाऱ्याच्या बिलावर असतात, आणि जीएसटीच्या बिलावर आपण जो एचएसएन लिहितो त्याचेच पहिले आकडे तेच असतात. त्यांनी आपल्या बिलबुकातून शर्टाचा नंबर काढून दाखवला, ६२०५. तिथून पुढचे चार आकडे शोधायला आम्ही सीएकडे गेलो.